कीटोन तपासताना आणि आकडा वाचताना नेमकं कुठे चुकतं, पायरी पायरीने

कीटोन म्हणजे चरबी मोडून लिव्हर बनवतं ते इंधन, लघवीत किंवा रक्तात ते तपासता येतं. त्याच्या बाबतीत लोक दोन टोकांच्या चुका करतात. एकाने कमी कार्बचं डाएट सुरू करून चार दिवस झालेत, माणूस धडधाकट आहे, पण कीटोन दाखवणारी लघवीची पट्टी जांभळी झाली म्हणून तो रात्री दवाखाना शोधत सुटतो. दुसऱ्याला टाईप १ डायबेटिस आहे (म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही), सकाळपासून उलट्या चालू आहेत, म्हणजे ज्याने खरंच घाबरायला हवं तो, आणि तो लघवीची पट्टी फिकट आली म्हणून पांघरूण ओढून झोपतो. रंग दोघांनी बरोबर बघितला आणि अर्थ दोघांनीही चुकीचा लावला. कारण कीटोनचा आकडा एकटा वाचायचाच नसतो, शरीरात इन्सुलिन पुरेसं आहे का या प्रश्नाला बांधूनच वाचायचा असतो, आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून टाईप १ आहे, त्यामुळे हे सगळं घरात करून करून, चुकून चुकून अंगवळणी पडलंय. मी डॉक्टर नाही. इन्सुलिन किती घ्यायचं, कुठली गोळी थांबवायची हे तुमच्या डॉक्टरनेच ठरवायचं. तपासणी नीट कशी करायची आणि कुठल्या क्षणी फोन उचलायचा एवढंच मी सांगतोय.

पायरी १: आधी डोक्यातलं चित्र साफ करा

ही पायरी कंटाळवाणी वाटेल पण सोडू नका, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

लिव्हरमध्ये साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, साधारण १०० ग्रॅमच्या आसपास. आणि एकटा मेंदूच दिवसाला जवळपास १२० ग्रॅम ग्लुकोज खातो. म्हणजे जेवण बंद झालं की हा साठा दिवसभरात संपायला येणार हे उघड आहे. चरबी मात्र अंगावर किलोकिलोने पडलेली असते. अडचण अशी की चरबीतून सुटणारी फॅटी अ‍ॅसिड्स मेंदूला इंधन म्हणून फारशी कामाची नाहीत. मग लिव्हर ती फॅटी अ‍ॅसिड्स मोडतं आणि त्यातून पाण्यात विरघळणारं, रक्तातून सहज फिरणारं, मेंदूला चालणारं एक छोटं इंधन बनवतं. तेच कीटोन. गंमत म्हणजे लिव्हरला स्वतःला ते वापरता येत नाही, त्यासाठी लागणारं एन्झाइमच त्याच्याकडे नसतं, म्हणजे रांधायचं दुसऱ्यांसाठी आणि स्वतःच्या ताटात वेगळंच. हृदय, स्नायू, किडनी आणि मेंदू हे सगळे मात्र कीटोन वापरतात. लांबलचक उपासमारीत तर मेंदूची निम्म्याहून जास्त गरज कीटोनवरच भागते. म्हणजे कीटोन हे विष नाही, अडीअडचणीचं इंधन आहे. तुमच्या माझ्या रक्तातही सकाळी उठल्यावर थोडेसे असतातच.

मग घोळ कुठे होतो? लगाम सुटला की. इन्सुलिन नुसतं साखर पेशीत ढकलतं असं आपण ऐकलेलं असतं, पण त्याचं दुसरं तितकंच मोठं काम म्हणजे चरबी किती सुटायची आणि कीटोन किती बनायचे यावर लगाम ठेवणं. निरोगी माणूस उपाशी राहिला तरी थोडं इन्सुलिन सुटत असतंच, त्यामुळे कीटोन वाढतात पण आटोक्यात राहतात, याला कीटोसिस म्हणतात. इन्सुलिन जवळजवळ नसेलच तर चरबी सुटतच राहते, लिव्हर बनवतच राहतं, आणि कीटोन हे मुळात आम्ल असल्यामुळे रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं. यालाच डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात, डॉक्टर लोक डीकेए म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. यात अतिशयोक्ती नाही.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. कीटोन तीन प्रकारचे. असिटोअ‍ॅसिटेट, बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट (एवढं लांबलचक नाव कोण टाईप करत बसणार, पुढे बीएचबी लिहितो) आणि असिटोन. लघवीच्या पट्टीला मुख्यतः पहिला दिसतो, रक्ताच्या मीटरला दुसरा, आणि श्वासाला जो नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येतो तो तिसऱ्याचा.

तपासा: "कीटोसिस" आणि "कीटोअ‍ॅसिडोसिस" हे दोन शब्द तुम्हाला अजून एकच वाटतायत का? वाटत असतील तर वरचा लगामवाला परिच्छेद परत वाचा. पहिल्यात लगाम शाबूत असतो, दुसऱ्यात तो सुटलेला असतो.

पायरी २: तुम्ही कुठल्या गटात बसता ते ठरवा

पट्टी हातात घ्यायच्या आधी हे ठरवा, नंतर नाही. आकडा दिसल्यावर माणूस सोयीचा गट निवडतो, मी स्वतः बघितलंय.

गट अ: टाईप १, किंवा टाईप २ पण इन्सुलिनवर. इथे कीटोन ही धोक्याची घंटा समजायची. शुगर २५० मिलिग्रॅमच्या वर जाऊन खाली यायला तयार नसेल, ताप असेल, उलटी मळमळ असेल, इन्सुलिनचा डोस चुकला असेल किंवा इन्सुलिनचा पंप (नळीतून सतत थोडं थोडं इन्सुलिन देणारं यंत्र) लावलेला असून शुगर विनाकारण चढत असेल तर तपासायचं. पंपवाल्यांनी जास्त सावध राहायचं, कारण पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, नळी तुंबली किंवा सुई निघाली की काही तासांत शरीरात इन्सुलिनचा खडखडाट होतो.

गट ब: ज्यांची शुगरची गोळी लघवीवाटे साखर बाहेर काढते ते. नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असतं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन वगैरे. या गटाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे शिकलेसवरलेले लोकसुद्धा फसतात. या गोळीवर असताना शुगर २०० च्या खाली, अगदी चांगली दिसत असतानासुद्धा कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. गोळी साखर बाहेर टाकत राहते म्हणून मीटरवर आकडा छान दिसतो, आणि आतमध्ये इन्सुलिन कमी पडल्यामुळे कीटोन चढत असतात. हे वारंवार होत नाही, पण आजारपण, जेवण बंद, ऑपरेशन, खूप दारू किंवा एकदम कार्ब बंद केलेलं डाएट यातलं काही गोळीच्या जोडीला आलं की शक्यता वाढते. म्हणून या गटाने "शुगर नॉर्मल आहे ना" हे वाक्य डोक्यातून काढून टाकायचं. ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी आधी काही दिवस, बहुतेक औषधांच्या बाबतीत निदान ३ दिवस, थांबवतात, तेव्हा ऑपरेशनवाल्या डॉक्टरला ती चालू आहे हे आपणहून सांगा.

गट क: गरोदर बायका. डायबेटिस नसताना सकाळी लघवीत थोडे कीटोन दिसू शकतात, पण सततच्या उलट्या होत असतील किंवा डायबेटिस असेल तर वाट बघायची नाही, गरोदरपणात कीटोअ‍ॅसिडोसिस लवकर आणि कमी शुगरवरही होतो.

गट ड: डायबेटिस नाही, कमी कार्बचं डाएट किंवा लांब उपवास चालू आहे. तुमच्यासाठी पायरी ८ आहे, पण मधल्या पायऱ्या वाचूनच तिथे जा.

इशारा: लहान मुलांचा ग्लायकोजेनचा साठा छोटा असतो, त्यामुळे उलट्या होणाऱ्या मुलाच्या लघवीत डायबेटिस नसतानाही कीटोन येतात. पण मूल सारखं पाणी मागतंय, सारखं लघवीला जातंय, झोपेत अंथरूण ओलं करायला लागलंय, वजन उतरलंय आणि वर कीटोन, असं असेल तर त्याच दिवशी शुगर तपासून घ्या. "उद्या बघू" नाही. टाईप १ चं पहिलं निदान पुष्कळदा अशा अवस्थेतच होतं.

पायरी ३: साधन निवडा

लघवीची पट्टी स्वस्त आणि सोपी असते, पण तिच्यात दोन खोडी आहेत. एक, ती बीएचबी बघतच नाही, आणि डीकेएमध्ये वाढतो तो मुख्यतः बीएचबीच. एरवी बीएचबी आणि असिटोअ‍ॅसिटेट साधारण बरोबरीने असतात, डीकेएमध्ये बीएचबी तिपटीवर आणि कधी कधी त्याच्याही खूप वर जातो. म्हणजे चोर मागच्या दाराने येतोय आणि तुम्ही पुढच्या दारावर पहारा देताय. दुसरी खोड, लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठलेली असते, त्यामुळे पट्टी "आत्ता" काय चाललंय ते सांगत नाही, मागचे काही तास कसे गेले ते सांगते.

रक्ताचं मीटर बीएचबी मोजतं आणि आत्ताचा आकडा देतं. गट अ आणि ब मधल्यांनी शक्य असेल तर हेच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. स्ट्रिप्स महाग पडतात म्हणून लोक टाळतात, पण या रोज लागत नाहीत, आजारपणात लागतात.

श्वासाचं यंत्र डाएटवाल्यांना हौस म्हणून ठीक आहे. डायबेटिसमध्ये निर्णय घ्यायला नाही म्हणजे नाही. आणि नाकावरही विसंबू नका, असिटोनचा वास सगळ्यांना येतोच असं नाही.

पायरी ४: तयारी, आजारी पडायच्या आधी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या रात्री दोन वाजता कळतात.

आमच्याकडे एकदा असंच झालं. भावाला ताप, शुगर ३०० च्या वर, पट्टी लावली तर रंगात काहीच बदल नाही. आईने सुटकेचा श्वास सोडला. मी सहज डबी उलटी करून बघितली तर एक्सपायरी उलटून गेलेली, आणि डबी बाथरूमच्या फळीवर, झाकण अर्धवट लागलेलं, आतल्या पट्ट्यांचे चौकोन आधीच मळकट झालेले. दमट हवेने पट्टी मेलेली होती. रक्ताचं मीटर काढलं तर २.१, म्हणजे डॉक्टरला लगेच फोन करायचा आकडा. तेव्हापासून डबीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहायची हा घरात नियम आहे.

तर तयारीचा क्रम असा:

१. डबीवरची एक्सपायरी बघा आणि उघडल्यावर किती दिवस चालते तेही बघा, ही दुसरी मुदत लोक वाचतच नाहीत. उघडलेली डबी बऱ्याचदा काही महिन्यांतच बाद होते, नेमके किती ते कंपनीगणिक वेगळं असतं.

२. डबी कोरड्या जागी ठेवा, बाथरूममध्ये नाही, फ्रिजमध्येही नाही. पट्टी काढली की झाकण लगेच, लगेच म्हणजे पट्टी वापरायच्याही आधी बंद.

३. मीटर कीटोन मोजतं का याची खात्री करा. सगळी ग्लुकोमीटर मोजत नाहीत. आणि मोजणाऱ्या मीटरलाही कीटोनची स्ट्रिप वेगळी लागते, शुगरची चालत नाही. घाईत शुगरची स्ट्रिप घालून "कीटोन १८० आले" म्हणून बोंब मारणारे लोक आहेत, हसू नका, मीही केलंय.

४. मीटरची बॅटरी आणि सुयांची पाकिटं बघून ठेवा. कीटोनच्या स्ट्रिप्स सहसा एकेक वेगळ्या फॉईलमध्ये येतात, फाटलेलं फॉईल असेल तर ती स्ट्रिप टाकून द्या.

५. डॉक्टरकडून आजारपणातला प्लॅन लिहून घ्या. कीटोन किती आले तर जादा इन्सुलिन किती, कुठली गोळी थांबवायची, रात्री कुठल्या नंबरवर फोन. माणूस बरा असतानाच हे विचारायचं.

तपासा: घरातल्या दुसऱ्या एका माणसाला हे सगळं कुठे ठेवलंय आणि कसं वापरायचं ते माहीत आहे का? कीटोन चढले की पेशंट स्वतः गोंधळलेला, गळून गेलेला असतो, आकडा त्याला वाचता येईलच असं नाही.

पायरी ५: प्रत्यक्ष तपासणी

*लघवीची पट्टी*

मूत्राशय एकदा रिकामं करा, थोडं पाणी प्या, अर्ध्या पाऊण तासाने परत लघवी करून ती तपासा. पहिली लघवी रात्रभराची साठलेली असेल तर तिच्यावरून आत्ताचा अंदाज येत नाही. अर्थात माणूस खूप आजारी असेल तर हे सोपस्कार सोडा, जी मिळेल ती तपासा.

स्वच्छ कोरड्या भांड्यात ताजी लघवी घ्या. पट्टीचा चौकोन पूर्ण भिजेल असा बुडवा आणि लगेच काढा, कडेला टेकवून जादाची लघवी निथळू द्या. आता घड्याळ. बऱ्याच कीटोनच्या पट्ट्या १५ सेकंदांनी वाचायच्या असतात, पण दहा गोष्टी एकत्र मोजणाऱ्या लांब पट्टीवर कीटोनच्या चौकोनाला जास्त वेळ लागतो, सहसा ४० सेकंद. डबीवर जे लिहिलंय तेच खरं. मोबाईलचा टायमर लावा, मनात मोजू नका.

पट्टी बुडवून कोपऱ्यात ठेवायची, तेवढ्यात फोन येतो, दहा मिनिटांनी येऊन बघितलं तर चौकोन गडद जांभळा. हा रंग वाचायचाच नाही. वेळ उलटल्यावर चौकोन गडद होत जातो, ती पट्टी फेकायची आणि नवी लावायची. रंग डबीवरच्या तक्त्याशी चांगल्या उजेडात जुळवायचा, पिवळ्या दिव्याखाली फिकट जांभळा आणि विटकरी यातला फरक कळत नाही.

इशारा: विटामिन सी भरपूर घेत असाल तर पट्टी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. उलट कॅप्टोप्रिलसारख्या काही औषधांमुळे खोटी पॉझिटिव्ह येते. आणि ढसाढसा पाणी प्यायलेलं असेल तर लघवी पातळ होऊन रंग फिका दिसतो.

*रक्ताचं मीटर*

हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. बोट ओलं राहिलं तर थेंबात पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. हात गार असतील तर खाली सोडून जरा झटका, थेंब सहज येतो. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, दुखतं कमी. स्ट्रिप मीटरमध्ये घाला, स्क्रीनवर कीटोनची खूण आलीये ना बघा, मगच टोचा. थेंब स्ट्रिपच्या टोकाला नुसता टेकवायचा, ती आपोआप ओढून घेते, वरून चोपडायचा नाही. बोट दाबून पिळून थेंब काढू नका. शुगरच्या स्ट्रिपपेक्षा थेंब थोडा मोठा लागतो हे लक्षात ठेवा, कमी पडला की एरर येते आणि एक स्ट्रिप वाया जाते.

तपासा: याच वेळी शुगरही मोजलीत का? कीटोन आणि शुगर हे दोन आकडे जोडीनेच लिहायचे, शेजारी वेळ.

पायरी ६: आकडा वाचणं

आधी एककाचा सापळा. रक्ताचं मीटर मिलीमोलमध्ये सांगतं, ०.४, १.२ असे छोटे आकडे. लघवीच्या पट्टीच्या डबीवर मिलिग्रॅम असतात, ५, १५, ४०, ८० असे. हे दोन एकमेकांत बदलून तुलना करत बसू नका, मोजला जाणारा पदार्थच वेगळा आहे.

डायबेटिस असलेल्यांसाठी रक्तातला आकडा असा वाचतात:

०.६ च्या खाली: ठीक.

०.६ ते १.५: वाढायला लागलेत. प्लॅनप्रमाणे कामाला लागा, दोन तासांनी परत मोजा.

१.५ ते ३: डीकेएचा धोका खरा आहे. आत्ता डॉक्टरला फोन, उद्या सकाळी नाही.

३ किंवा वर: हॉस्पिटल. शुगर कितीही असो.

लघवीच्या पट्टीवर अंदाज लावायचा तर ट्रेस (अगदी किंचित) किंवा एक अधिक (+) म्हणजे सावध होऊन परत तपासायचं, दोन अधिक (++) किंवा त्याच्या वर म्हणजे लगेच वैद्यकीय मदत. आणि पट्टी निगेटिव्ह पण माणूस खूप आजारी दिसतोय, तर माणसावर विश्वास ठेवा, पट्टीवर नाही.

इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: उलट्या, पोटात जोराचं दुखणं, खोल आणि भरभर श्वास (धावून आल्यासारखा, पण माणूस तर पडून आहे), गुंगी, बोलणं बरळल्यासारखं, यातलं काही असेल तर आकड्याची वाट बघू नका. डीकेएमध्ये उलट्या आणि पोटदुखी पुष्कळदा होते, आणि लोक ते "पोट बिघडलंय" म्हणून दिवसभर घरगुती उपाय करत बसतात. डायबेटिस असलेल्या माणसाला उलटी झाली की आधी कीटोन, मग पोटाचा विचार, हा क्रम पाठ करून ठेवा.

पायरी ७: कीटोन वाढलेत, आता काय, कुठल्या क्रमाने

हे गट अ आणि ब साठी.

पहिलं, इन्सुलिन बंद करायचं नाही. "तो काही खात नाहीये मग इन्सुलिन कशाला द्यायचं" ही सर्वात घातक चूक आहे. जेवण नसलं तरी दिवसभर चालणारं लांब पल्ल्याचं इन्सुलिन लागतंच, लगाम तेच धरून ठेवतं. आजारपणात तर उलट जास्त लागतं, कारण तापात शरीर जे हार्मोन सोडतं ते इन्सुलिनच्या विरोधात काम करतात. जादाचा डोस प्लॅनमध्ये लिहिलाय तेवढाच.

दुसरं, पंप असेल तर जादाचं इन्सुलिन पंपातून देऊ नका. नळीच तुंबलेली असेल तर ते आत जाणारच नाही. पेनने किंवा सिरिंजने द्या आणि मग पंपाचा सेट (नळी आणि सुई) बदला.

तिसरं, पाणी. घोट घोट, सतत. शुगर जास्त असेल तर बिनसाखरेचं. पण शुगर कमी किंवा नॉर्मल आणि कीटोन वाढलेले असतील तर नुसतं पाणी प्यायचं नाही, थोडी साखर असलेलं पेय आणि त्याच्यासोबत इन्सुलिन दोन्ही लागतं. इथे लोक गोंधळतात, साखर द्यायची आणि वर इन्सुलिन पण? हो, पण. इन्सुलिन गेल्याशिवाय कीटोन बनणं थांबत नाही, आणि साखर दिल्याशिवाय इन्सुलिन सुरक्षितपणे देता येत नाही. किती ते डॉक्टरला फोन करून.

चौथं, गट ब मधल्यांनी ग्लिफ्लोझिनवाली गोळी आजारपणात पुढे चालू ठेवायची नाही, डॉक्टरला लगेच कळवायचं.

पाचवं, व्यायाम नाही. शुगर वाढली की चालून येऊ हा सल्ला एरवी चांगला आहे, पण कीटोन चढलेले असताना जोराचा व्यायाम केला तर दोन्ही आकडे अजून वाढू शकतात.

घरच्या घरी डीकेए उतरवायचा प्रयत्न करू नका. हॉस्पिटलमध्ये शिरेतून पाणी आणि इन्सुलिन देताना पोटॅशियम परत परत मोजत बसतात, कारण इन्सुलिन दिलं की रक्तातलं पोटॅशियम झपकन खाली येतं आणि त्याचा फटका हृदयाला बसू शकतो. हे घरी दिसत नाही, दिसू शकत नाही.

परत तपासणी दोन तासांनी, आणि कीटोन ०.६ च्या खाली येईपर्यंत तपासत राहायचं. दोनदा मोजूनही आकडा उतरत नसेल तर तोही फोन करायचाच मुद्दा आहे. इथे लघवीची पट्टी पुन्हा एकदा फसवते. उपचार लागू पडायला लागले की बीएचबीचं असिटोअ‍ॅसिटेट व्हायला लागतं, म्हणजे माणूस सुधारत असतो आणि पट्टी अजून गडद दाखवते. ते बघून घाबरून जादाचं इन्सुलिन टोचलं की शुगर कोसळते. सुधारणा बघायची तर रक्ताच्या मीटरवर.

पायरी ८: डाएटवाले आणि उपवासवाले

तुमचं प्रकरण सोपं आहे म्हणून थोडक्यात. दिवसाला २० ते ५० ग्रॅमच्या आत कार्ब ठेवले की बहुतेकांचे कीटोन काही दिवसांत ०.५ च्या वर जातात, आणि ०.५ ते ३ च्या दरम्यान राहतात. यालाच डाएटच्या भाषेत कीटोसिस म्हणतात. पहिल्या आठवड्यात वजन जे भरभर उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं, कारण ग्लायकोजेन स्वतःसोबत पाणी धरून ठेवतं आणि तो संपला की ते पाणी जातं, सोबत मीठही. डोकं दुखणं, गळून जाणं हे पुष्कळदा त्यामुळेच.

चुका म्हणाल तर, आकडा जितका मोठा तितकी चरबी जास्त जळली असं समजणं. आकडा म्हणजे बनलेले वजा वापरलेले, एवढंच. काही आठवड्यांनी लघवीची पट्टी फिकट पडायला लागली की डाएट फसलं असं समजून लोक जेवण अजून कमी करतात, तेही चूक, शरीर कीटोन जास्त वापरायला आणि लघवीतून कमी सांडायला शिकलेलं असतं. आणि बाजारात मिळणारी कीटोनची पेयं पिऊन मीटर वर चढवणं हा तर मला विनोदच वाटतो, बाहेरून ओतलेलं इंधन दिसतंय ते, तुमची चरबी नाही.

साध्या हेल्थ चेकअपच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये "कीटोन ट्रेस" आलं आणि तुम्ही रात्रीपासून उपाशी होतात, बाकी तब्येत आणि शुगर चांगली आहे, तर तो उपाशीपोटी तपासणी केल्याचा परिणाम आहे.

इशारा: डायबेटिसची औषधं, गरोदरपण, अंगावर पाजणं, किडनी किंवा लिव्हरचा आजार यातलं काही असेल तर हे डाएट स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आणि कुठल्याही गटात असा, खूप दारू पिऊन वर जेवण नाही आणि उलट्या सुरू, असं झालं तर डायबेटिस नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होतो, तिथे पायरी ६ चा इशारा तसाच्या तसा लागू.

पायरी ९: फोनवर काय सांगायचं

"कीटोन जास्त आलेत" एवढंच सांगून फोन ठेवू नका, समोरच्याला त्यातून काही कळत नाही. या क्रमाने सांगा: कुठला डायबेटिस, कीटोन किती आणि रक्तात की लघवीत, त्याच वेळची शुगर, किती वाजता मोजलं, त्याआधीचा आकडा काय होता, शेवटचं इन्सुलिन कधी आणि किती, उलट्या किती वेळा, शेवटची लघवी कधी झाली, कुठल्या गोळ्या चालू आहेत, श्वास कसा चाललाय. आम्ही हे कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवून लिहिलंय, नुसत्या रिकाम्या जागा भरायच्या आणि वाचून दाखवायचं. शेवटच्या ओळीत औषधांची नावं पाकिटावर बघून उतरवून ठेवलीत, कारण रात्री दोन वाजता "ती पांढरी गोल गोळी" याच्यापलीकडे कुणालाच काही आठवत नाही.